पिवळ्या पाण्यातला पिवळा रंग

पावसाळ्यात गिरणा, पांझरा, तापी, कुठलीही नदी बघा, पाण्याला मातीचाच रंग. आपल्या खान्देशातली काळी माती इतकी बारीक की हंडा रात्रभर ठेवला तरी सकाळी पाणी पुरतं निवळत नाही. तुरटी फिरवली किंवा निवळीची बी उगाळून घातली, तर गाळ खाली बसतो. नेमक्या याच दिवसांत टीसीएल सर्वांत जास्त लागते, आणि ती पुरेशी पडली का हे तपासणंही याच दिवसांत सर्वांत अवघड. आमच्या बचत गटातल्या बायका तपासणीची जी काचनळी हातात धरतात, तिच्यामागे शंभर वर्षांहून मोठी खटपट आहे. ती आज सांगतो.

टीसीएल पाण्यात पडली की माती, कुजका पाला, जंतू हे सगळे तिला आधी खाऊन टाकतात. अर्ध्या तासाने जो क्लोरीन उरतो, तोच पुढे नळापर्यंत पाण्याची राखण करतो. आपल्या देशाचं मानक सांगतं, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरलेला हवा. एवढीशी गोष्ट डोळ्यांना दिसणार कशी?

१९१३ साली एल्म्स आणि हाउसर या अमेरिकी रसायनतज्ज्ञांनी ऑर्थोटॉलिडीनची पद्धत बसवून दिली. तीच आपली ‘ओटी टेस्ट’. थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. जास्त पिवळं म्हणजे जास्त क्लोरीन. स्वच्छ पाण्यात झकास. पण आपलं श्रावणातलं पाणी मुळातच पिवळट! औषधाचा पिवळा कुठे संपला आणि मातीचा कुठे सुरू झाला, कसं ओळखणार? शिवाय पाण्यात मँगनीज असेल, किंवा विहिरीशेजारच्या उकिरड्यातून नायट्राइट उतरलं असेल, तरी ओटी पिवळी होऊ शकते. वहीत ०.५ लिहिलं जातं, सगळे निर्धास्त होतात, आणि काही आठवड्यांनी घरोघर कावीळ निघते. आकडा चुकला तर तो असा अंगावर येतो.

याच सुमारास पहिलं महायुद्ध सुरू झालं. सैनिकांना मिळेल त्या डबक्याचं पाणी प्यावं लागे. ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांनी तेव्हा जी पेटी बनवली, तिचं आम्हांला फार कौतुक वाटतं. तिच्यात सहा पांढरे कप, एक काळा कप आणि २ ग्रॅमचा चमचा. काळ्या कपात ब्लीचिंग पावडरचं द्रावण करायचं. पांढऱ्या कपांत तपासायचं पाणी भरून पहिल्यात द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत टाकायचे. अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. भाताच्या पेजेवर आयोडीन पडलं की निळं होतं ना, तसंच इथे. ज्या कपात पहिल्यांदा ठळक निळा रंग येईल, त्याचा नंबर धरायचा. तिसरा असेल तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे ६ ग्रॅम पावडर. (४५५ हा विचित्र आकडा कुठून आला? ते त्या काळचे १०० गॅलन.)

यातली हुशारी बघा. निळा रंग मातीच्या रंगात मिसळून जात नाही. आणि गाळ सहाही कपांत सारखाच, त्यामुळे तुलना शेजारच्या कपाशी होते, कागदावरच्या रंगाशी नाही.

दुसरी वाट निघाली ती चक्क बिअरच्या धंद्यातून. इंग्लंडात जोसेफ लव्हिबाँड नावाच्या बिअरवाल्याने एकोणिसाव्या शतकात रंग जोखायला रंगीत काचा वापरल्या. पुढे पाण्यासाठी दोन खणांची डबी आली. एका नळीत औषध टाकलेलं पाणी. दुसरीत तेच पाणी, पण औषधाशिवाय, आणि ती नळी रंगीत काचेच्या मागे. दोन्हीकडे गढूळपणा सारखा, म्हणून फरक उरतो तो औषधाच्याच रंगाचा.

१९४२ मध्ये मार्क्स आणि ग्लास यांनी विजेच्या प्रवाहावरून क्लोरीन मोजण्याची रीत काढली. तिथे डोळ्याचा संबंधच नाही. पण ते प्रयोगशाळेचं काम. १९५७ मध्ये इंग्लंडच्या पॅलिन यांनी डीपीडी आणलं. त्याचा रंग गुलाबी, मातीपासून वेगळा ओळखू येणारा. पुढे ऑर्थोटॉलिडीनमुळे कर्करोगाची शंका आली आणि १९७०च्या दशकात अमेरिकेच्या प्रमाण पद्धतींतून ते वगळलं गेलं. आपल्याकडे ओटीची बाटली अजून दिसते. ती वापरताना हाताला लागू देऊ नका, मुलांपासून दूर ठेवा.

२०१९ साली जलजीवन मिशन आलं आणि गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणी शिकवायचं ठरलं. पूर्वी सैन्याच्या डॉक्टरकडे असलेलं काम आता आपल्याकडे आहे. काही बाया विचारतात, पाणी फडक्याने गाळून मग तपासलं तर? नको. गाळताना क्लोरीन उडतो, थोडा फडकंही खातं, आणि आकडा कमी येतो. दोन नळ्या घ्या, एकीत औषध टाकू नका, पांढऱ्या कागदापुढे दोन्ही शेजारी धरा. ओटी असेल तर थेंब टाकल्यावर दहा सेकंदांत बघा. नंतर बांधला गेलेला क्लोरीनही रंग देऊ लागतो.

आमच्या वहीत आता एक रकाना जास्त आहे: ‘साध्या नळीचा रंग’. ज्या दिवशी साध्या नळीतून पलीकडचं काही दिसतच नाही, त्या दिवशी आकडा लिहायचा नाही. तसल्या पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात, क्लोरीन उरला तरी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आधी तुरटीने पाणी निवळायचं, वरचं वेगळं काढायचं, टीसीएल टाकून अर्धा तास थांबायचं, आणि मग पुन्हा दोन नळ्या भरायच्या.