नाव बदललेला मासा

आमच्या धंद्यात फाइलचं नाव बदललं म्हणून आतला कोड बदलत नाही. माशाचंही तसंच. पण एका खोल समुद्रातल्या माशाचं नुसतं नाव बदललं आणि त्याच्यामागे जगभरातल्या बोटी लागल्या.

1898 साली स्मिट या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याची शास्त्रीय नोंद केली. इंग्रजी नाव पॅटागोनियन टूथफिश. थोराड डोकं, पुढे आलेला जबडा, अणकुचीदार दात. दक्षिण गोलार्धातल्या थंड पाण्यात, मोठेपणी कधी कधी 2,000 मीटरपेक्षाही खोल राहणारा. पुढची सुमारे ऐंशी वर्षं जगाच्या बाजाराने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

1977 साली ली लँट्झ हा अमेरिकन मासळी-व्यापारी चिलीत नवा माल शोधत होता. तिथे हा मासा त्याच्या नजरेस पडला. मांस पांढरंशुभ्र, तेलकट, फारशी स्वतःची चव नसलेलं. लँट्झला यातच धंदा दिसला, कारण अमेरिकन गिऱ्हाइकाला मासा हवा असतो, पण माशाचा वास नको असतो. अडचण एकच: ‘दातवाला मासा’ ताटात कोण घेणार? त्याने नाव दिलं ‘चिलियन सी बास’. मासा बास कुळातला नाही, आणि फक्त चिलीचाही नाही. 1994 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हे बाजारी नाव मान्यही केलं.

आपल्याला यात नवल वाटू नये. बोंबलाचं ‘बॉम्बे डक’ झालं, आणि हॉटेलांच्या मेन्यूत रावस ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिरवतो. रावसाचं सॅमनशी काही नातं नाही.

पण नाव गिऱ्हाइकाला एकदाच फसवू शकतं. तो पुन्हा येतो तो चवीसाठी, आणि ही चव माशाच्या शरीररचनेतून आली आहे. बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्या आधाराने ते पाण्यात तरंगतात. टूथफिशला ती नाही. त्याऐवजी त्याच्या मांसात भरपूर चरबी साठते. चरबी पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे मोठा मासा फार ताकद न घालवता खोल पाण्यात अधांतरी राहतो. तीच चरबी तव्यावर वेगळं काम करते. सुरमईची तुकडी दोन मिनिटं जास्त राहिली की कोरडी पडते. ही तुकडी मात्र ओलसर राहते, लोण्यासारख्या मोठ्या पाकळ्यांत सुटते, आणि मिसो असो वा लसूण, लावाल ती चव उचलते. आचाऱ्याची चूक पोटात घालणारा मासा कुठल्या हॉटेलाला नको असेल?

नव्वदच्या दशकात मागणी भडकली आणि मच्छीमार त्याला ‘पांढरं सोनं’ म्हणू लागले. मैलोन् मैल लांब दोऱ्यांना हजारो गळ लावून, बिनपरवाना बोटी दक्षिण महासागर उपसू लागल्या. गळावरच्या आमिषाला झडप घालणारे अल्बाट्रॉस पक्षी त्यात अडकून बुडू लागले. ऑगस्ट 2003 मध्ये हर्ड बेटाजवळ दिसलेल्या ‘वियार्सा’ या बोटीचा ऑस्ट्रेलियाच्या गस्ती जहाजाने 21 दिवस पाठलाग केला, हिमनगांमधून आणि वादळांतून, सुमारे 7,200 किलोमीटर. ती थेट दक्षिण अटलांटिकमध्ये सापडली. पोटात 97 टन टूथफिश. तरीही 2005 साली पर्थच्या ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडलं.

मग बदललं काय? 2000 सालापासून अंटार्क्टिक सागरी संसाधन आयोगाने प्रत्येक खेपेला पकडल्याचा दाखला सक्तीचा केला. 2004 मध्ये साउथ जॉर्जियाच्या मासेमारीला शाश्वततेचं प्रमाणपत्र मिळालं. चोरी पूर्ण थांबली नाही, पण चोरीचा माल विकणं अवघड झालं. मला यातली गंमत वाटते ती अशी: खोट्या नावाने सुरू झालेला धंदा सावरला तो खऱ्या नोंदींनी. मासा कुठला, कुणी आणि कधी धरला, एवढंच लिहून ठेवायचं होतं.

घाई फक्त माणसांना होती. टूथफिश अनेक वर्षांनी वयात येतो आणि पन्नासच्या आसपास जगू शकतो. ‘वियार्सा’चा पाठलाग झाला त्या वर्षी जन्मलेली एखादी मादी गळाला लागली नसेल, तर आजही त्या काळोखात अंडी घालत असेल.