मायक्रोवेव्ह आणि दगडातलं तेल

नानाकाका हा ब्लॉग नेमाने वाचतात, प्रतिक्रिया मात्र फोनवर देतात. मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, "अरे, ह्यूस्टनला इतकी वर्षं तू नक्की केलंस काय? आणि ते बंद का पडलं?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

काका, सुरुवात स्वयंपाकघरापासून करतो. पातेल्यात कालचा भात गरम केला की तळ करपतो आणि वरचा भात गारच राहतो. मायक्रोवेव्हमध्ये लहरी भातात थोड्या आत शिरतात, पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि भात आतूनच तापतो. १९४५ मध्ये रेथिऑन कंपनीत रडारवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सरच्या हे लक्षात आलं. त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, अशी गोष्ट सांगतात.

आता अमेरिकेतल्या कोलोरॅडो, युटा, वायोमिंग भागातला शेल दगड घ्या. त्यात तेल नसतं, केरोजेन असतं, म्हणजे तेल होता होता राहिलेला पदार्थ. तीनशे अंशांच्या वर तापवला की त्याचं तेल होतं. दगड खणून भट्टीत भाजता येतो, पण मग भाजलेल्या दगडांचे डोंगर उरतात. त्यापेक्षा जमिनीतच तापवला तर? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वीडनमध्ये क्वार्नटॉर्पला फ्रेड्रिक लुंगस्ट्रोम यांनी भोकांत विजेचे हीटर सोडून तेल काढलंही. पुढे शेल कंपनीने (कंपनी वेगळी, दगड वेगळा!) कोलोरॅडोत हीटरच वापरले. पण दगडातून उष्णता फार सावकाश सरकते. हिशोब वर्षांचा होता.

शिकागोच्या आयआयटी रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या (आपली पवईची नव्हे हं!) लोकांनी १९७० च्या दशकात विचार केला, भाताचं तंत्र दगडाला का लावू नये? भोकांच्या रांगांत इलेक्ट्रोड सोडायचे आणि मधला सगळा दगड एकदम तापवायचा. मायक्रोवेव्हची लहर दगडात फार खोल जात नाही, म्हणून बरीच कमी फ्रिक्वेन्सी घ्यायची. युटातल्या तेलकट वाळूत लहान चाचण्याही झाल्या.

पण तोवर तेलाचे भाव उतरू लागले होते. २ मे १९८२, रविवार. एक्सॉनने कोलोरॅडोतल्या पॅराशूट गावाजवळचा कॉलनी प्रकल्प बंद केला. तिथे खाणकाम आणि भट्टीची पद्धत होती, लहरींची नव्हे. पण दोन हजारांवर माणसं एका दिवसात बेकार झाली. तिथे त्याला 'काळा रविवार' म्हणतात.

भाव चढले तशी कल्पना पुन्हा उठली. चॉकलेटवाल्या रेथिऑननेच रेडिओलहरी आणि कार्बन डायऑक्साइड यांची जोड असलेली पद्धत काढली आणि २००८ मध्ये श्लंबर्जेला विकली. २०१२ मध्ये कॅनडात आल्बर्टातल्या तेलवाळूत हॅरिस कंपनीने ॲन्टेना पुरून पाहिली. त्याच सुमारास मीही एका छोट्या कंपनीत अशाच ॲन्टेनांची गणितं करत होतो. २०१४ च्या मध्यात पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी २०१५ मध्ये पन्नासच्या खाली आलं. आमचा विभाग बंद झाला. टेबल आवरायला एक खोकं पुरलं.

दोष नुसत्या भावाचा नव्हता, काका. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज करायला साधारण तीन युनिट उष्णता जळते. ती वीज पुन्हा दगड तापवायला वापरायची, म्हणजे निघणाऱ्या तेलातला मोठा वाटा आधीच खर्ची पडला. वर धूर वेगळाच. आमचं गणित चुकलं नव्हतं, पण जमाखर्च मांडताना आम्ही भाव चढाच राहील असं धरून चाललो होतो. पॅराशूटची गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती, तरीही.

मग वाया गेलं का सगळं? शिकागोवाल्यांची तीच पद्धत पुढे प्रदूषित माती तापवून त्यातली रसायनं काढायला वापरली गेली. तेलासाठी निघालेली कल्पना माती धुवायला कामी आली! हे वाचलं तेव्हा मला त्या खोक्याचं दुःख थोडं कमी वाटलं.

असो. काका, आता रविवारी पुढचा प्रश्न विचारा.