थायरॉईडची गोळी दर महिन्याला एकाच कंपनीची कशी मिळवायची?

घरात थायरॉईडची गोळी बहुतेक वेळा अम्मी, भाभी किंवा आपा घेत असते, पण दुकानातून ती आणतं दुसरंच कुणीतरी. कधी कामावरून परतताना अब्बू आणतात, कधी क्लासहून येताना मुलगा. काउंटरवर एवढंच सांगितलं जातं, "थायरॉईडची गोळी द्या, पन्नासची." केमिस्टकडे जी हाताशी असेल ती मिळते. पॅकिंग वेगळं दिसलं म्हणून विचारलं, तर उत्तर येतं, "तेच आहे, फक्त कंपनी वेगळी."

केमिस्ट खोटं बोलत नसतो. औषध तेच असतं. पण या एका गोळीच्या बाबतीत कंपनी वारंवार बदलणं बरोबर नाही. त्यातही ती बदलली आहे हे घेणाऱ्याला माहीतच नसणं जास्त वाईट.

ही गोळी नेमकी कोणती?

थायरॉईड ग्रंथी कमी काम करत असेल (हायपोथायरॉईड), तर लेव्होथायरॉक्सिन सोडियम हे औषध दिलं जातं. आपल्याकडे ते थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स अशा वेगवेगळ्या नावांनी मिळतं. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो: २५, ५०, ७५, ८८, १००, १२५ वगैरे. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. काही जुन्या चिठ्ठ्यांवर डोस ०.१ मिलिग्रॅम असा लिहिलेला असतो, म्हणजेच १०० मायक्रोग्रॅम.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दुकानात नुसती "थायरॉईडची गोळी" कधीही मागू नका. थायरॉईड जास्त काम करत असेल तर दिली जाणारी कार्बिमाझोल, म्हणजे निओ-मर्काझोलसारखी गोळीसुद्धा "थायरॉईडचीच" असते, पण तिचं काम अगदी उलटं आहे. नाव आणि आकडा दोन्ही सांगा.

कंपनी बदलली तर काय फरक पडतो?

गोळीत औषधाचा अंश अगदी थोडा असतो, बाकी सगळं भरण्याचे आणि बांधून ठेवण्याचे पदार्थ. हे पदार्थ प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे शरीरात औषध किती शोषलं जातं यात थोडा फरक पडू शकतो. तापाच्या गोळीत एवढा फरक चालून जातो. थायरॉईडच्या उपचारात मात्र डॉक्टर डोस १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमच्या पायरीने वाढवतात-कमी करतात, म्हणून इथे थोडासा फरकही मोजावा लागतो. याच कारणाने २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळीसाठी नियम कडक केला: औषधाचं प्रमाण मुदत संपेपर्यंत ९५ ते १०५ टक्क्यांच्या आतच राहिलं पाहिजे.

फ्रान्समध्ये २०१७ साली लेव्होथायरॉक्स या गोळीचे फक्त भरण्याचे पदार्थ बदलले गेले. औषध तेच, डोस तोच. तरीही थकवा, डोकेदुखी, केस गळणं अशा हजारो तक्रारी आल्या आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

याची दुसरी बाजूही आहे. २०२२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एका जेनेरिक कंपनीवरून दुसऱ्या जेनेरिक कंपनीवर गेलेल्या रुग्णांच्या टीएसएचमध्ये खास फरक दिसला नाही. म्हणून एकदा कंपनी बदलली तर घाबरून जायचं कारण नाही. फक्त बदल झाला आहे हे माहीत असावं आणि नंतर रक्त तपासून घ्यावं.

डॉक्टरांकडे आणि दुकानात काय करायचं?

१. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, ब्रँडचं नाव आणि डोस, तिन्ही लिहून मागा. डॉक्टरांनी जेनेरिक नाव लिहावं असा नियम आहे, म्हणून चिठ्ठीवर कधी कधी फक्त मूळ नाव असतं. मग कंपनी कोणती द्यायची हे दुकानदार ठरवतो. "आम्ही गेली दोन वर्षं हाच ब्रँड घेतोय, तोही लिहाल का?" असं विचारायला काही हरकत नाही.

२. सध्याच्या बाटलीचा किंवा स्ट्रिपचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. नाव, डोस आणि बनवणारी कंपनी स्पष्ट दिसली पाहिजे. गोळी आणायला कोणीही गेलं तरी केमिस्टला तो फोटो दाखवायचा.

३. शक्यतो एकाच दुकानातून घ्या आणि केमिस्टला सांगून ठेवा, "दर महिन्याला हीच लागते." नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर तो स्टॉक ठेवतो.

४. बिल घ्या. त्यावर नाव आणि बॅच नंबर असतो, पुढे कधी शंका आली तर उपयोगी पडतो.

५. स्ट्रिप कापून घेत असाल तर नाव आणि एक्सपायरी छापलेला भाग सोबत आला पाहिजे.

६. ऑनलाइन मागवत असाल तर "पर्यायी औषध पाठवू का?" या प्रश्नाला न वाचता होकार देऊ नका.

दुकानात ती कंपनी नसेल तर?

शेवटची गोळी संपायची वाट पाहू नका. पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची बाटली आणा. केमिस्टकडे नसेल तर तो होलसेलरकडून बहुधा एक-दोन दिवसांत मागवून देतो.

त्याच कंपनीची १०० ची गोळी नसेल पण ५० ची असेल, तर दोन गोळ्या मिळून तोच डोस होतो. मात्र केमिस्टकडून किंवा डॉक्टरांकडून खात्री करून घ्या आणि घरात सगळ्यांना सांगा, नाहीतर कुणीतरी एकच गोळी देईल.

हे औषध शरीरात बरेच दिवस राहतं, अर्धा अंश निघून जायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणून एखादा दिवस चुकला तर मोठं नुकसान होत नाही. पण गरोदर बाई किंवा थायरॉईडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेला रुग्ण असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

जनऔषधीची स्वस्त गोळी चालेल का?

चालेल. महाग ब्रँडच चांगला असं काही नाही. हे औषध सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याच्या कमाल किमतीवर सरकारी मर्यादा आहे. मुद्दा एवढाच की जी गोळी निवडाल ती धरून ठेवा. जनऔषधी केंद्रातल्या औषधांचे पुरवठादार वेगवेगळे असतात, त्यामुळे पाकीट तसंच दिसलं तरी बनवणारी कंपनी बदललेली असू शकते. दर वेळी पाकिटावरचं छोट्या अक्षरातलं नाव वाचा.

कंपनी बदललीच तर

तारीख लिहून ठेवा. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा, कारण त्याआधीचा रिपोर्ट खरं चित्र दाखवत नाही. तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये, सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी करा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यांनी रिपोर्ट चुकू शकतो.

थकवा, बद्धकोष्ठता, जास्त थंडी वाजणं ही डोस कमी पडल्याची लक्षणं. धडधड, हात थरथरणं, झोप न येणं ही डोस जास्त झाल्याची. वयस्कर माणसाला धडधड होत असेल तर सहा आठवडे थांबू नका, लगेच दाखवा. आणि कंपनीला दोष देण्याआधी स्वतःची सवयही बघा. गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम, लोह किंवा अॅसिडिटीचं औषध चार तासांच्या अंतराने. बाटली स्वयंपाकघरात गॅसजवळ ठेवू नका.

रमजान, उमरा आणि हज

गोळी दिवसातून एकदाच असल्याने बहुतेक रुग्णांना रोजे ठेवता येतात. दोन वेळा सोयीच्या: सहरीच्या अर्धा ते एक तास आधी उठून, किंवा रात्री झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी. सहरी करता करता चहासोबत घेतलेली गोळी नीट लागू होत नाही. जी वेळ ठराल ती पूर्ण महिना पाळा. वेळ बदलणारच आहे, त्यामुळे निदान कंपनी तरी त्याच महिन्यात बदलू नये. दोन्ही एकदम बदललं तर ईदनंतरचा रिपोर्ट कशामुळे बिघडला हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांचा मुक्काम साधारण चाळीस दिवसांचा असतो. तिथे तुमचा ब्रँड मिळेलच असं नाही. पूर्ण मुक्कामाच्या आणि वर दहा-पंधरा दिवसांच्या गोळ्या मूळ पॅकिंगमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा.

दिवस राहिले तर

इथे हलगर्जीपणा अजिबात नको. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी काम करत नसते, ते आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईला डोस बहुधा वाढवावा लागतो, साधारण पाव ते तीस टक्क्यांनी. पाळी चुकल्याचं लक्षात येताच डॉक्टरांकडे जा. पहिल्या निम्म्या गरोदरपणात दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासतात. या काळात दुकानदाराने "तेच आहे" म्हणून दुसरी बाटली पुढे केली, तर ती घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आज घरी गेल्यावर एकच काम करा. अम्मीची बाटली हातात घ्या आणि गेल्या महिन्याच्या रिकाम्या बाटलीशी किंवा बिलाशी नाव, डोस आणि कंपनी जुळवून बघा. जुळलं तर फोटो काढून ठेवा. नाही जुळलं तर तारीख लिहा आणि टीएसएचसाठी लॅबचा दिवस ठरवा.