आकुर्डीची ‘चेतक’ आणि मायबाखची सुई

१/ आकुर्डीतील बजाजची ‘चेतक’ १९७२ मध्ये बाजारात आली. सुरू होईना, की मालक तिला कलती करीत. का?

२/ १८९३ मध्ये जर्मन अभियंता मायबाख याने फवारणीचा कार्ब्युरेटर सिद्ध केला. त्यात पेट्रोल पुरेसे साठताच फ्लोट वर येतो व सुई वाट बंद करते. स्कूटर कलली, की फ्लोटचा तोल ढळून जादा पेट्रोल मिळे.

३/ मात्र सुईखाली कचरा अडकला किंवा फ्लोटला छिद्र पडले, की पेट्रोल ‘ओव्हर’ होऊन प्लग भिजे. उपाय घरचाच : कॉक बंद, प्लग कोरडा, सुई स्वच्छ.

४/ १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ निकष आले. नव्या दुचाकींत इंधनाचे माप इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे गेले. धूर घटला; पण रस्त्याकडेला बसून आपली गाडी आपणच दुरुस्त करण्याची सामान्य मालकाची सत्ताही त्या सुईबरोबर ओसरली.