कंप का थांबला?



एका यंत्रमाग कारखान्यात कापडावर पट्टे येऊ लागले. मालकाने विणकराची मजुरी कापली. आम्ही माग तपासावयास लावला, तेव्हा कापड ओढणाऱ्या चाकाचा दात झिजलेला निघाला. मजुरी परत मिळाली. पण शोधाआधीच शिक्षा ही खोड काही गेली नाही. आज ज्या यंत्राची हकीकत सांगणार आहे, ते याच खोडीवर बोट ठेवते.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांचा कारखाना होता. १९५५ साली तेथून ‘ट्रेमोलक्स’ नावाचा गिटारचा अॅम्प्लिफायर निघाला. त्यात आवाज एका लयीत लहानमोठा होई. स्वर तोच, जोर तेवढा हेलकावे घेई; हाच ट्रेमोलो. १९६३ च्या सुमारास नवी युक्ती आली. एक व्हॉल्व्ह आणि तीन कंडेन्सर मिळून निऑनच्या इवल्या दिव्याची उघडझाप करतात. त्याच्या उजेडाने शेजारच्या रोधकाचा रोध बदलतो आणि आवाज डोलू लागतो.

असा जुना अॅम्प्लिफायर डोलेनासा झाला, की ‘सगळेच बदला’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. जाणता कारागीर क्रमाने जातो. पायाचे पेडल जोडले आहे काय? त्याविना यातील बहुतेक यंत्रांत कंप सुरूच होत नाही. मग व्हॉल्व्ह बदलून पाहावा. नंतर दिव्याकडे जाणारा दाब मोजावा. काटा डोलत असेल तर दोलक जिवंत आहे. दोष दिव्यात वा रोधकात शोधावा. काटा स्थिर असेल तर गळका कंडेन्सर शोधावा. मात्र आत चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर भार धरून ठेवतात. म्हणून हे काम जाणत्यानेच करावे.

पेटी उघडली की कित्येकदा आत एक चिकटपट्टी दिसते. तिच्यावर एखाद्या स्त्रीचे नाव असते. ज्या कामगार स्त्रीने ते सांधे डाखले, तिचे ते नाव. १९६५ साली हा कारखाना कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिमने १ कोटी ३० लाख डॉलरना घेतला. तो आकडा इतिहासात नोंदला गेला; या नावांना जागा मिळाली ती पेटीच्या आत. तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने आधी ते नाव वाचावे, सांधा न् सांधा तपासावा, आणि मगच दोष कोणाचा ते बोलावे. एवढे केले तर त्या विणकरासारखी मजुरी कोणाची कापली जाणार नाही.