घरचा हौद आणि रोमचा परवाना

आपल्या आवारांत, आपल्या पैशानें, पोहण्याचा हौद किंवा स्नानगृह बांधावयाचें, तर त्यासाठीं सरकारदरबारीं अर्ज कां करावा लागावा, असा प्रश्न गृहस्थास पडणें साहजिक आहे. जमीन त्याची, विटा त्याच्या, मजुरीही त्यानेंच भरावयाची. परंतु हौदांत सोडावयाचें पाणी कोणाचें? या प्रश्नाचा विचार रोमन लोकांनीं दोन हजार वर्षांपूर्वीं मोठ्या बारकाईनें केला होता.

इ. स. पूर्वीं ३१२ पर्यंत रोमचे नागरिक टायबर नदी, विहिरी व झरे यांवरच भागवीत. त्या वर्षीं अपियस क्लॉडियस यानें पहिला जलमार्ग बांधण्यास घेतला आणि पुढें एकामागून एक नवे जलमार्ग शहरांत आले. हें पाणी लोकांच्या सार्वजनिक हौदांसाठीं होतें. हौद भरून जें ओसंडून जाई, तेवढेंच खाजगी मनुष्यास मिळे. तेंही स्नानगृह किंवा कपडे धुण्याचा कारखाना चालविण्यासाठीं, आणि कर भरून. कांहीं प्रमुख पुरुषांच्या घरीं थोडें पाणी देत, पण त्यास इतर नागरिकांची संमति लागे. इ. स. पूर्वीं १८४ मध्यें केटो हा सेन्सॉर झाला, तेव्हां खाजगी घरांत अथवा शेतांत वळविलेलें सार्वजनिक पाणी त्यानें सरसकट तोडून टाकलें.

पुढें साम्राज्य वाढलें, संपत्ति वाढली आणि सुखाची हौसही वाढली. कार्थेजचा पराभव करणाऱ्या सिपिओचें स्नानगृह किती अरुंद व अंधारें होतें, याचें वर्णन सेनेका या तत्त्वज्ञानें आपल्या एका पत्रांत केलें असून, स्वकालीन श्रीमंतांचा थाट त्याच्या शेजारीं मांडला आहे. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांत खाजगी स्नानगृहें, कारंजीं आणि घरोघर गेलेले शिशाचे नळ आजही पाहावयास मिळतात.

मागणी वाढली तशी शिस्तही कडक झाली. इ. स. पूर्वीं ११ मध्यें रोमच्या सीनेटनें ठरविलें कीं, खाजगी मनुष्यानें मुख्य जलमार्गास हात लावूं नये. वांटपाच्या टांक्यांतूनच पाणी घ्यावें. दोन वर्षांनीं झालेल्या कायद्यानें, जाणूनबुजून जलमार्ग फोडणारास १,००,००० सेस्टर्शियस नाण्यांचा दंड ठेवला.

इ. स. ९७ मध्यें सम्राट नेर्व्हानें शहराच्या पाणीपुरवठ्यावर फ्राँटायनस यास नेमलें. ब्रिटनचा सुभेदार राहिलेल्या या वृद्ध गृहस्थानें आपल्या खात्यावर एक पुस्तकच लिहून ठेवलें आहे. त्यावरून परवान्याची सर्व रीत समजते. ज्यास घरीं पाणी हवें, त्यानें सम्राटाकडे विनंती करून त्याचें पत्र मिळवावें व तें पाणीखात्याच्या प्रमुखास दाखवावें. मग पातळी मोजणारे कामगार मंजूर मापाची कांशाची तोटी घेऊन तिच्यावर शिक्का मारीत आणि टांक्यास बसवीत. तोटी १२ अंगुळांहून आंखूड चालत नसे. तिच्यापुढें ५० फूटपर्यंतचा नळही त्याच मापाचा असावा लागे. कारण पुढें रुंद नळ जोडला तर पाणी अधिक ओढलें जाई. तोटी कांशाची करण्यांतही मर्म होतें. शिसें मऊ असल्यामुळें तें ठोकून रुंदावतां येतें. कांसें तसें वांकत नाहीं.

श्रोत्यांस आश्चर्य वाटेल कीं, हा हक्क वारसास मिळत नसे, आणि घर विकत घेणारासही मिळत नसे. पाणी माणसास दिलें होतें, वास्तूस नव्हे. सार्वजनिक स्नानगृहांस मात्र एकदां दिलेलें पाणी कायमचें असे. मालक बदलला कीं पूर्वीं पाणी तत्काळ बंद होई. पुढें ३० दिवसांची सवलत मिळाली.

इतका बंदोबस्त असूनही चोरी थांबली नाहीं. फ्राँटायनसनें स्वतः मोजणी केली, तेव्हां उगमाशीं दप्तरांत नोंदल्यापेक्षां पुष्कळच अधिक पाणी असल्याचें त्यास दिसलें. मधला फरक जाई कोठें? कांहीं तोट्यांवर शिक्काच नव्हता. नवा परवानेदार आला कीं टांक्यास नवें भोंक पाडीत आणि जुनें तसेंच ठेवून त्याचें पाणी खात्याचे नोकर विकीत. फरसबंदीखालून चोरनळ नेलेले होते. त्यांस टोंचे मारून वाटेवरच्या दुकानदारांस पाणी पुरविणारा एक नोकरच असे. हे नळ उपटले तेव्हां शिसेंही बरेंच हातीं आलें. म्हणजे परवान्याचा कागद चोख होता. तो सांभाळणारे हात चोख नव्हते.

या झडतीचें फळ कोणास मिळालें? शहराच्या बहुतेक सार्वजनिक हौदांस दोन निरनिराळ्या जलमार्गांचें पाणी मिळूं लागलें; एक बंद पडला तरी दुसरा चालू राही. श्रीमंताच्या अंगणांतील अनधिकृत धार थांबली आणि गरिबाची घागर भरूं लागली.

आजही कोणी घरीं हौद बांधूं लागला कीं नगरपालिका नकाशा मागते, आणि पाणी कोठून येणार व कोठें जाणार तें विचारते. ही विचारपूस कंटाळवाणी वाटते खरी. परंतु ती शेजाऱ्याच्या वतीनें केलेली असते. कारण ज्याच्या घरीं हौद नाहीं, त्याचाही त्या पाण्यांत वांटा असतो. तो वांटा राखावयाचा असेल तर नियम नीट हवा, अर्ज खरा हवा, आणि अर्ज तपासणारा मनुष्य फ्राँटायनससारखा स्वतः जाऊन मोजून पाहणारा हवा.