यूएसएस जेकब जोन्स (डीडी-६१)

यूएसएस जेकब जोन्स (डीडी-६१) ही अमेरिकेच्या आरमारातील टकर वर्गाची विनाशिका होती. शत्रूच्या हल्ल्यात बुडालेली ही पहिली अमेरिकन विनाशिका होय. १८१२ च्या युद्धात लढलेले आरमारी अधिकारी जेकब जोन्स यांचे नाव तिला देण्यात आले होते.

बांधणी

न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे १९१४ मध्ये तिची बांधणी सुरू झाली. १९१५ मध्ये तिचे जलावतरण झाले व १० फेब्रुवारी १९१६ रोजी ती आरमारात दाखल झाली. तिची लांबी सुमारे ९६ मीटर होती. तिच्यावर ४ इंची चार तोफा व टॉर्पेडो सोडण्याच्या आठ नळ्या होत्या.

कामगिरी

ऑक्टोबर १९१६ मध्ये हान्स रोझ याच्या यू-५३ या जर्मन पाणबुडीने नँटकेट बेटाजवळ पाच जहाजे बुडवली. अमेरिका त्या वेळी तटस्थ होती. त्यामुळे जेकब जोन्ससह तेथे गेलेल्या विनाशिकांचे काम वाचलेल्यांना मदत करण्यापुरतेच मर्यादित राहिले. अमेरिका युद्धात उतरल्यावर मे १९१७ मध्ये जेकब जोन्स आयर्लंडमधील क्वीन्सटाउन येथे आली. व्यापारी जहाजांना संरक्षण देणे व बुडत्या जहाजांवरील लोकांना वाचवणे, ही तिची मुख्य कामे होती. ऑक्टोबरमध्ये तिने ओरामा या ब्रिटिश जहाजावरील ३०५ जणांना वाचवले.

अखेर

६ डिसेंबर १९१७ रोजी ती फ्रान्समधील ब्रेस्टहून क्वीन्सटाउनला एकटीच परतत असताना सिली बेटांजवळ त्याच यू-५३ ने तिच्यावर टॉर्पेडो सोडला. अवघ्या आठ मिनिटांत ती बुडाली. पाणबुड्यांवर टाकण्यासाठी तिच्या मागील भागात ठेवलेली स्फोटके पाण्याखाली फुटल्याने पोहणारे काही खलाशीही मृत्युमुखी पडले. एकूण मृतांची संख्या साठाहून अधिक होती. लेफ्टनंट स्टँटन काल्क यांनी थंडगार पाण्यात एका तराफ्यापासून दुसऱ्याकडे पोहत जाऊन माणसांची विभागणी केली. त्या श्रमाने व गारठ्याने त्यांचा मृत्यू झाला. त्यांना मरणोत्तर पदक देण्यात आले.

जहाजाची बिनतारी यंत्रणा निकामी झाल्याने मदतीचा संदेश पाठवता आला नव्हता. रोझ याने दोघांना कैदी म्हणून पाणबुडीवर घेतले आणि उरलेल्यांचे ठिकाण स्वतःच बिनतारी संदेशाने क्वीन्सटाउनच्या तळाला कळवले.

ऑगस्ट २०२२ मध्ये ब्रिटिश पाणबुड्यांच्या एका पथकाला समुद्रतळाशी तिचे अवशेष सापडले.